म्हणे, तिकडं माणसं तरी किती!

ऑफिसातल्या एका डोंबिवलीकराने आज मला टपरीवर रेल्वेचं अर्थशास्त्र शिकवलं. "यवतमाळला रेल्वे कशाला रे? माणसं तरी किती तिकडं? त्या पैशात आमच्याकडं आणखी दोन लायनी टाका ना. गर्दी तिथं पैसा, सिंपल आहे." सिंपल! आणि हे सांगताना साहेब बिस्कीट बुडवत होते, तेही मी पैसे दिलेल्या चहात. अर्धं बिस्कीट तुटून तळाला गेलं तरी भाषण थांबेना.

अरे, जिल्ह्याचं ठिकाण आहे ते! माणसं आहेत, फक्त ती दिवाळीत ट्रॅव्हल्सवाल्याच्या पाया पडत असतात. इंग्रजांनी कापसासाठी का होईना, शकुंतला ही छोट्या रुळांची गाडी आणली. आपण तीही बंद पाडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रेल्वेमार्ग म्हणजे २८४ किलोमीटर. २०२४च्या फेब्रुवारीत वाजतगाजत गाडी सोडली, ती कुठवर? कळंबपर्यंत! वरात वेशीबाहेरच उतरवली. आधी अर्धवट गाडी सोडायची, मग म्हणायचं प्रवासीच मिळत नाहीत.

आणि तोट्याच्या गप्पा कोण मारतोय, तर लोकलचा पासवाला! ऑनलाइन तिकिटावर रेल्वे स्वतःच छापते की प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. उरलेले काय तुझा काका भरतो? मालगाड्या भरतात. त्यात आमच्या वणीचा कोळसाही असतो. कोळशाला रूळ, माणसाला "धामणगावला उतरा", यवतमाळला जायचं तर मुख्य मार्गावरचं स्टेशन तेच.

यातलं एक वाक्य टपरीवर सुचलं असतं तर! सगळं सुचलं संध्याकाळी, मुंब्र्याच्या पुढे, दारात लटकताना, कुणाचं तरी कोपर बरगडीत असताना. आणि खरं सांगतो, तेव्हा दोन लायनी आणखी झाल्या तर बरं, असं मलाही वाटून गेलं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन व्हायला २०२२ उजाडलं, तेव्हा त्या डोंबिवलीकराचंही कुणी ऐकत नाहीच म्हणा.

पण बुलेट ट्रेन म्हटलं की मूळ अंदाजाचाच १ लाख ८ हजार कोटींचा आकडा कसा तोंडातून अलगद निघतो. तिथं कुणी विचारत नाही, रोज अहमदाबादला जाणारी माणसं तरी किती. ही अक्कल फक्त आमच्यासाठी राखून ठेवलेली.

दिवाळीचं बुकिंग उघडलं की मिनिटात वेटिंग. कन्फर्म झालंच तर उतरायचं धामणगावला, आणि पुढं ऑटोवाला म्हणेल तो भाव.