‘कमी पैशांच्या गिऱ्हाईकाला किंमत नाही’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार, म्हापशातल्या या दुकानाचा मालक लिहितोय. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. तुमचं म्हणणं असं की ३५ हजार बजेट सांगितल्यावर आम्ही कॅमेरा कपाटातून बाहेरसुद्धा काढला नाही, मोबाईलवरच शूट करा म्हणून माईक आणि ट्रायपॉड माथी मारला, आणि गणेश चवथीला आजोबांची मुलाखत घेतली तेव्हा तो माईक चाललाच नाही.

आधी माईकचं, कारण ती चूक शंभर टक्के आमची आहे. काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला कॅमेऱ्याची वायर दिली. कॅमेऱ्याच्या पिनवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाईलच्या जॅकला तीन रेघांची पिन लागते. दोन रेघांची पिन खुपसली की मोबाईल त्याला हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत राहतो, स्क्रीनवर काहीच कळत नाही. म्हणजे तुम्ही आजोबांच्या सदऱ्याला माईक लावलात, ते तासभर बोलले, आणि घरी येऊन ऐकलं तर पंखा आणि स्वयंपाकघरातली भांडी. हे वाचून मला खूप वाईट वाटलं. दुकानातच दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकवलं असतं तर हे झालंच नसतं. आता तसा नियम केलाय, माईक विकला की गिऱ्हाईकाच्याच फोनवर रेकॉर्ड करून, ऐकवून मगच बिल.

कॅमेरा दाखवला नाही हेही खरं. चवथीची गर्दी होती पण ते कारण होऊ शकत नाही. कॅमेरा हातात घेऊन बघायचा तुमचा हक्क होता, मी तुमच्या वतीने परस्पर ठरवून मोकळा झालो. पैसे कमी म्हणून तुम्हाला कमी लेखलं असं वाटलं असेल तर मनापासून माफी मागतो.

पण सल्ला मात्र आज आलात तरी मी तोच देणार, फक्त यावेळी कारणांसकट. तुम्ही म्हणाला होता की गावच्या घुमट आरतीवर फिल्म करायची आहे, घुमट (कातडं लावलेलं मातीचं तालवाद्य), शामेळ (ढोल), कांसाळे (झांजा) आणि आजोबांच्या आठवणी. म्हणजे निम्म्याहून जास्त फिल्म आवाजाची! माझ्याकडे तेव्हा जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) किट लेन्ससकट, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्ससकट, २८ हजारांचा होता. उरले सात, त्यात कार्ड, जादा बॅटरी, ट्रायपॉड, मग माईकला काय राहिलं? शिवाय किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते, म्हणजे उजेड कमी आत येतो, रात्री आरतीच्या वेळी घरातल्या पिवळ्या बल्बखाली आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) वाढवावा लागतो आणि चित्रात दाणे येतात. जुन्या लेन्समध्ये आपल्या गोव्याच्या पावसात बुरशी धरते ती वेगळीच, टॉर्च मारून बघितल्याशिवाय कोणाकडूनच घेऊ नका, आमच्याकडून पण नाही. आणि घेतलीत तर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

तुमचा मोबाईल चांगला आहे. त्याच्यावर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडीचं लुकलुकणं बहुतेक जातं. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा, नाहीतर कोणी आरतीचं ताट फिरवलं की सगळं चित्र वरखाली होतं. बोटांनी झूम करू नका, स्वतः पुढे जा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. लाईट विकत घ्यायच्या आधी दारातला उजेड वापरा, आजोबांना दाराजवळ तिरपं बसवा आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा, चेहऱ्याचा काळोख निघून जातो. मी लग्नाच्या शूटिंगला अजून हेच करतो. एडिटिंगला कॉम्प्युटर असेल तर दा विंची रिझॉल्व्हची फुकटची आवृत्ती तुम्हाला भरपूर झाली.

आणि घुमटाला हा कॉलरचा माईक चिकटवू नका हो, जवळून थाप एवढी जोरात बसते की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून दुरुस्त होत नाही. माईक आजोबांना, तोही तोंडापासून वीतभर खाली, पंखा बंद करून. आरतीला दुसरा एखादा फोन नुसता रेकॉर्डर म्हणून चार-पाच हात लांब ठेवा, सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवा, एडिट करताना त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण आजोबांच्या वयाची वाजवणारी माणसं बोलती करून ठेवणारे कमी आहेत, म्हणून मला तुमची ही फिल्म व्हावी असं खरंच वाटतं.

आता माझ्याकडून एवढं. तीन रेघांची वायर फुकट. माईक किंवा ट्रायपॉड नकोच असेल तर पूर्ण पैसे परत, बिल हरवलं असलं तरी चालेल, आमच्याकडे नोंद आहे. आणि आजोबा परत बोलायला तयार असतील तर त्या दिवसासाठी भाड्याचा कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स (कमी उजेडात चालणारी) मी भाडं न घेता देतो, मोबाईलसोबत दोन्हीवर शूट करा आणि मग कॅमेरा घ्यायचा का ते तुम्हीच ठरवा. फक्त नोव्हेंबरात इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत भाड्याचं सामान सगळं पणजीला जातं, त्याच्या आधी या.

रिव्ह्यू काढा असं मी सांगणार नाही, तो तसाच राहू दे. रविवारी बंद असतो, बाकी दिवशी सकाळी मी स्वतः काउंटरवर असतो. येताना मोबाईल आणि ती जुनी वायर घेऊन या.