पंखा नाही

काल आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची रॅली झाली आणि मला बक्षीस मिळालं. गाडीसाठी नव्हे, उत्कृष्ट वेशभूषेसाठी. मी वेशभूषा केलेली नव्हती.

डीपी रोडवरच्या लॉनच्या फाटकातच गाडीनं मान टाकली. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा रबरी पडदा, गेला होता. माझ्या डिकीत डायफ्रॅमचं किट असतं, पान्यांची पेटी असते आणि बाबांची कारखान्यातली निळी डांगरी असते. ती कुर्त्यावरच चढवली, केसांना फडकं बांधलं आणि बॉनेटमध्ये शिरले. पंप खोलून पुन्हा बसवेपर्यंत कोपरापर्यंत काळी झाले होते. तेवढ्यात नऊवारी, फेटे आणि चिकटवलेल्या मिश्या तपासत फिरणाऱ्या दोन परीक्षक बाई माझ्यापाशी थांबल्या. एक दुसरीला म्हणाली, "अगं, काय डिटेलिंग आहे बघ! नखांतसुद्धा काळं घातलंय." दुसरीनं कागदावर काहीतरी लिहिलं, माझा फोटो काढला, आणि "पाना जरा वर धरा ना" असंही सांगितलं. मी धरला. पाना हातात असताना माणसाला वाद घालायचं सुचत नाही.

गाडी १९६८ ची फियाट अकराशे डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगला, पुढे सलग सीट. पुढे हिचाच वंश पद्मिनी या नावानं मुंबईची काळी-पिवळी झाला. ३० ऑक्टोबर २०२३ ला वीस वर्षांची मर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा साऱ्या मुंबईनं डोळे पुसले. त्याआधी कित्येक वर्षं हेच लोक तिला सोडून मागच्या एसी गाडीला हात करत होते, ते असो.

क्लबात वर्णव्यवस्था कडक आहे. १९१९ ते १९३० मधली गाडी म्हणजे व्हिंटेज. ती कारंज्यासमोर उभी राहते. युद्धानंतरच्या त्या क्लासिक, आणि क्लासिकमध्येही परदेशात जन्मलेल्या आधी, कुर्ल्यात जन्मलेल्या शेवटी, केटरिंगच्या तंबूमागे. कारंज्यासमोरच्या बहुतेक गाड्या ट्रकवर चढून येतात. मालक वेगळ्या गाडीतून, एसी लावून येतो. मग शेवटच्या शंभर मीटरसाठी ड्रायव्हर इंजिन सुरू करतो, मालक गॉगल लावून स्टिअरिंगला बसतो आणि टाळ्या पडतात. मी कोथरूडहून स्वतः चालवत आले तर सचिव म्हणाले, "तुम्ही ऐन वेळी बंद पडता, फाटक अडतं."

सरकारचा हिशोब वेगळा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी व्हिंटेज. म्हणजे आरटीओत माझी गाडी व्हिंटेज होऊ शकते, क्लबात नाही. पण तशी नोंदणी मी करत नाही, कारण मग ती फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला बाहेर काढता येते. रोजच्या वापराला बंदी. भाजी आणायला जाणं हे प्रदर्शन आहे असं कुठल्या हवालदाराला पटवू? त्यापेक्षा दर पाच वर्षांनी साधी फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर. तो कर भरताना खिडकीपलीकडचा माणूस दर वेळी विचारतो, "भंगारात का नाही देत?"

असो. काका.

तंबूमागे पोह्यांची रांग वळत होती आणि त्या वळणावर माझी गाडी होती. रांगेतून पांढऱ्या टोपीतले, कापडी पिशवी घेतलेले एक काका बाहेर पडले. रांगेतला नंबर सोडून पुणेकर बाहेर पडतो तेव्हा कारण तसंच गंभीर असतं.

"आमच्याकडे होती ही," ते म्हणाले.

हे वाक्य फियाटवाल्यांना नवीन नाही. त्या काळी कुर्ल्यात जेवढ्या फियाट बनल्या त्याच्या कितीतरी पट जास्त फियाट लोकांकडे होत्या, असं माझं निरीक्षण आहे.

"ही म्हणजे हीच नव्हे. पण अशीच. आमची क्रीम होती. ही हिरवी दिसतेय."

"हिरवीच आहे."

"हं." हिरवी असल्याबद्दल त्यांनी मला तूर्त माफ केलं. "बाबांनी बुक केली तेव्हा मी बालवाडीत होतो. नंबर लागला तेव्हा मला मुंज झालेली आठवते. पेढे वाटले होते. मुंजीचे नव्हे, गाडीचे." मग नंबरप्लेटकडे बघून ओठांतल्या ओठांत बेरीज केली. "चार येतात. आमच्या नंबराची बेरीज नऊ होती. कधी एक दिवस बंद नाही पडली. तुमची पडत असेल."

मी काळे हात मागे घेतले.

"मालक कुठायत?"

"मीच."

"नाही, म्हणजे सर?"

सर पोह्यांच्या रांगेत होते. माझ्या नवऱ्याला गाडी येत नाही. फियाटचं तोंड कुठल्या बाजूला एवढं त्याला नक्की ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला तरी त्याच्या जीएसटीतलं काय कळतं? पण त्याच्या ऑफिसात जाऊन मला कोणी "आकडेमोड जमली का वहिनी?" असं विचारत नाही. त्याला मात्र क्लबात सगळे खांद्यावर हात टाकून विचारतात, "काय, ॲव्हरेज किती देते?" तो बिचारा "बरं देते" म्हणतो.

काकांनी खिडकीतून डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग आतूनच आवाज आला, "पंखा कुठाय?"

"कसला पंखा?"

"डॅशबोर्डवरचा. छोटा, जाळीवाला."

"काका, तो कंपनीचा नसायचा. लोक बाजारातून आणून बसवायचे."

"आमच्या गाडीला होता."

"बसवला असेल."

"बसवला नव्हता. होता." डोकं बाहेर आलं. टोपी तिरकी झाली होती. "मी पुढे बाबा आणि आत्याचे यजमान यांच्या मधे बसायचो. पंखा माझ्याकडे असायचा. वाईला पोहोचेपर्यंत माझा भांग मोडलेला असायचा. आणि तुम्ही मला सांगताय नव्हता?"

"होता हो, पण नंतर..."

"पडदेही होते. मागच्या काचांना. निळे. तेही तुम्ही काढलेत."

नेमके तेव्हा मूळपणा तपासणारे परीक्षक आले. वय तिशीचं, ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांतले तज्ज्ञ, हातात क्लिपबोर्ड आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. चुंबक पत्र्याला चिकटलं तर पत्रा, नाही तर पुट्टी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि काकांना नमस्कार करून म्हणाले, "सर, आपली गाडी?"

"होती," काका म्हणाले.

एवढ्यावर माझं मालकीपण संपलं. पुढची चौकशी काकांची झाली. गाडी कुठल्या सालची, रंग मूळचा का, सीटचं रेक्झिन बदललंय का. काका न अडखळता उत्तरं देत होते आणि ती सगळी त्यांच्या बाबांच्या गाडीची होती. रंग? "मुळात क्रीम." परीक्षकांनी लिहिलं. मी मध्ये तोंड घातलं तर ते अदबीनं म्हणाले, "मावशी, जरा बॉनेट वर करता का?" आणि काकांना म्हणाले, "सर, मेकॅनिक सोबत आणलात हे फार छान केलंत. आजकाल मिळत नाहीत."

मी बॉनेट वर केलं. मग सांगितलं की आरसी बुकावर माझं नाव आहे, त्याआधी माझ्या वडिलांचं होतं, आणि रंग पहिल्या दिवसापासून हिरवा आहे. परीक्षक ओशाळले, अगदी मनापासून. "सॉरी मॅडम, तुमच्या कॉस्च्यूममुळे," म्हणाले. काका ओशाळले नाहीत. "मडगार्डला चुंबक लावा," म्हणाले, "तिथं पुट्टी असणार." लावलं. खट्कन चिकटलं. तो आवाज ऐकून मला झालेला आनंद इथं लिहिण्यासारखा नाही.

"पण पंखा नाही," काका म्हणाले.

परीक्षकांची पेन्सिल थांबली. "पंखा होता का यांना?"

मी ग्लव्ह बॉक्समधून गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. बाबांनी त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलंय, वर त्यांच्या अक्षरात "डिलाइट". डॅशबोर्डचं चित्र उघडून दाखवलं. चोक आहे, घड्याळं आहेत, दिव्याची बटणं आहेत. पंखा नाही.

काकांनी चष्मा वर करून चित्र बघितलं. "हे इटलीवरून घेतलेलं चित्र आहे. इटलीत थंडी असते. तिथं कशाला पंखा लावतील?"

खरं सांगते, या युक्तिवादापुढे मी क्षणभर गप्प झाले. तो मुलगा तर पूर्ण विरघळला. भारतीय बाजारपेठेसाठी वेगळी फिटिंग असू शकते, असं काहीतरी तो स्वतःशी पुटपुटला. साठ वर्षांपूर्वी त्या सीटवर प्रत्यक्ष बसलेला साक्षीदार समोर; आणि विरुद्ध बाजूला काय, तर ब्राऊन पेपर. त्यानं रकान्यात लिहिलं: "पंखा नाही." मूळपणाचे तीन गुण गेले. जो पंखा नसल्यामुळे गाडी मूळ राहिली, तो नसल्यामुळे ती मूळ नाही.

तीन गुणांचं मला काही नाही. म्हणजे आहे, पण त्याहून जुनं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे बॉनेट उघडं दिसलं की पुरुष जमतात. मागे क्लबची सहल पाचगणीला निघाली तेव्हा पसरणी घाटात गाडीनं व्हेपर लॉक घेतला. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांना चढावर हे होतं. इंजिनच्या धगीनं नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढायला द्रव उरत नाही. इलाज सोपा: थांबा, पंपावर ओला फडका टाका, चहा प्या. मी फडका टाकून बसले होते. तेवढ्यात आठ जण उतरले. एक म्हणाला पॉइंट घासा, दुसरा म्हणाला कंडेन्सर गेला, तिसऱ्यानं न विचारता प्लग खोलायला घेतला. पाण्याची बाटली एकानंही पुढे केली नाही. फडका वाळत होता आणि मी आठ भाषणं ऐकत होते. पुढे गाडी सुरू झाली ती फडक्यानं. क्लबच्या ग्रुपवर मात्र "आपल्या बंधूंनी भगिनीच्या गाडीला दिलेला मदतीचा हात" असा फोटो पडला. त्याला अंगठे बरेच आले.

आणि आता हे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते पाणी ओढतं आणि जुन्या जातीचं रबर खातं. नळ्या मऊ पडतात, डायफ्रॅम चिरतात. नाना पेठेत नव्या रबराच्या नळ्या मिळतात, पण डायफ्रॅमसाठी रविवारी जुन्या बाजारात पालथं पडावं लागतं, आणि मिळालेला तुकडा कुठल्या जमान्यातला आहे हे विक्रेत्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. क्लबच्या सभेत मी हा विषय मांडला, सगळ्यांनी मिळून चांगले डायफ्रॅम बनवून घेऊ म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, विषय तांत्रिक आहे, पुढच्या सभेत घेऊ. मग फेट्यांच्या रंगावर पाऊण तास चर्चा झाली. केशरी ठरला. ट्रकवरून येणाऱ्या गाडीला पेट्रोल कुठलंही चालतं, हे मला तिथं बोलायला हवं होतं. घरी आल्यावर सुचलं.

बक्षीस समारंभात नाव पुकारलं ते "श्री. व सौ." असं. जीन्स आणि टी-शर्टातला माझा नवरा, कोथिंबीर चिकटलेली बशी हातात घेऊन, उत्कृष्ट वेशभूषेच्या बक्षिसासाठी माझ्यासोबत स्टेजवर आला. पाहुण्यांनी करंडक त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" क्लासिक गटात आमचा नंबर तीन गुणांनी हुकला होता.

आज सकाळी फोन आला. काका. क्लबकडून नंबर घेतला म्हणाले.

"माळ्यावर चढलो होतो. पंखा सापडला. चालतोय की नाही बघायला बारा व्होल्टची बॅटरी पाहिजे. घेऊन जा."

मला एकदम भरून आलं वगैरे. काका म्हटलं, तुमच्या लहानपणीचा पंखा, तो कसा घेऊ?

"तसा नका घेऊ. दोन हजार द्या. डब्यासकट आहे."

"डबा पण आहे?"

"आहे ना. वर दुकानाचं नाव आहे, लक्ष्मी रोडचं. आणि पावती. बाबा सगळं ठेवायचे."

"म्हणजे काका, तो बाजारातून आणून बसवलेला."

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "ते आता काढून काय करायचंय? गुण तर गेले तुमचे. सरांना पाठवा संध्याकाळी, डबा जड आहे."

"सरांना गाडी येत नाही."

"मग रिक्षानं येतील," काका म्हणाले. "सुटे आणायला सांगा."