माउंटन बाइकला चालते, म्हणून वाटेलाही चालते?

पाऊस सुरू झाला की सोलापुरातल्या सायकलस्वारांमध्ये एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: माउंटन बाइक चिखलासाठीच बनवलेली असते, तेव्हा सर उघडताच माळावरच्या आणि उद्यानांतल्या कच्च्या वाटांवर निघावे, सायकलीने वाट बिघडत नाही हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, डबके लागलेच तर कडेच्या गवतावरून पुढे जावे, आणि माळरान तर मोकळेच पडलेले असते, तिथे अडवणार कोण? हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझे काही स्नेही आहेत आणि नव्या मुलांना घराबाहेर काढावे एवढाच त्यांचा हेतू आहे, हे मी जाणतो. तरीही आपल्या मातीवर हा सल्ला नुकसानकारक ठरतो, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिला दावा चिखलाचा. जाड नक्षीचे टायर आणि सस्पेन्शन स्वाराला चिखलातून पार नेतात, हे खरे आहे. पण त्यावरून सायकलीची क्षमता कळते, वाटेची कळत नाही. सोलापूरच्या परिसरात उंचवट्यांवर मुरूम आढळतो आणि सखल भागात काळी माती. मुरमातून पाण्याचा निचरा लवकर होतो, त्यामुळे पाऊस उघडल्यावर तिथे तुलनेने लवकर सायकल चालवता येते. काळ्या मातीतली चिकणमाती मात्र पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. ओली असताना ती टायरला चिकटते, टायर आणि फोर्क (चाक धरणारा दुपाखी दांडा) यांच्यातल्या फटीत थरावर थर भरत जाते आणि थोड्याच अंतरात चाक फिरेनासे होऊन सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तोवर मागे खोल चाकोरी उमटलेली असते. ऊन पडले की ती तशीच टणक होते. पुढच्या सरीचे पाणी वाटेवरून आडवे निघून न जाता त्या चाकोरीतूनच उताराला धावते, तिचे काठ कापते आणि पावसाळा सरेपर्यंत तिथे ओघळ पडलेला असतो. आपल्याकडे सर्वाधिक पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो, त्यामुळे जूनमध्ये उमटलेल्या चाकोरीला पुढे पुष्कळ पाणी झेलावे लागते.

वापसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल ओसरून जमीन कामाजोगी झाल्याशिवाय, कोणी शेतकरी रानात औत घालत नाही. पायवाटेलाही तोच नियम लावावा. टायरला माती चिकटू लागली किंवा मागे वळून पाहताना ठसा रुतलेला दिसला, की पुढे किती वाट उरली आहे याचा विचार न करता परत फिरावे.

दुसरा दावा संशोधनाचा. संदेशात कोणत्याही अभ्यासाचे नाव नाही, परंतु या विषयात नेहमी दाखला दिला जातो तो विल्सन आणि सेनी यांच्या 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातील डोंगरवाटांवर त्यांनी घोडे, पायी चालणारे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना केली, तेव्हा चाकांपेक्षा खुरांनी आणि पावलांनी अधिक माती सुटी होते, असे आढळले. कॅनडातील ऑन्टारिओमध्ये थर्स्टन आणि रीडर यांनी केलेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पायी चालणे आणि सायकल यांचे परिणाम साधारण सारखेच दिसले. वाटा केवळ सायकलवाल्यांनीच बिघडवल्या असा सरसकट आरोप करणाऱ्यांपुढे हेच अभ्यास मीही ठेवीन. मात्र ‘इतरांहून जास्त नाही’ आणि ‘मुळीच नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. शिवाय मॉन्टानातला फरक आधी भिजवलेल्या वाटांवर अधिक ठळक होता. म्हणजे ओल्या वाटेवर पायी जाणाऱ्यानेही जपून राहावे, एवढाच अर्थ त्यातून निघतो, आणि दख्खनच्या काळ्या मातीबद्दल तर या दोन्ही अभ्यासांतून थेट काहीच सांगता येत नाही. उतारावर मागचे चाक जाम करून सायकल घसरत नेणाऱ्याला त्यांचा आधार घेता येणार नाही. वेग दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून, वळणाच्या आधीच कमी करावा.

डबक्याला वळसा घालण्याबाबत थोडक्यात सांगतो. कडेचे गवत मुळांनी माती धरून ठेवते. प्रत्येक जण त्यावरून गेला तर एका पायवाटेची बैलगाडीएवढी रुंद पट्टी होते. तळ टणक असेल तर सावकाश मधून जावे, नसेल तर परतावे.

सर्वांत अधिक खटकतो तो माळरान मोकळे असल्याचा दावा. टिटवी आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची ठिपकेदार अंडी आजूबाजूच्या खड्यांत अशी मिसळून जातात की उभ्या माणसालाही सहज दिसत नाहीत, मग धावत्या सायकलवरून ती कशी दिसणार? टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर घरटे जवळच आहे असे समजून आल्या वाटेने मागे जावे. नान्नजचा माळ तर 1979 साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचा भाग आहे. माळढोकाची मादी जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात जाण्यास परवानगी लागते. इतरत्र, गायरानावर, मेंढ्यांचा कळप समोर आला तर उतरून उभे राहावे आणि मेंढपाळ खूण करील तेव्हा निघावे.

विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार असो वा शहरातले दुसरे कोणतेही उद्यान, सायकल आत नेता येते का, हे फाटकावरच विचारावे. परवानगी असेल तिथे सकाळी फिरायला आलेल्या ज्येष्ठांच्या पाठीमागून जाताना लांबूनच घंटी वाजवावी, वेग चालण्याइतका करावा आणि चढ चढणाऱ्या सायकलस्वाराला उतरणाऱ्याने वाट द्यावी.