पुन्हा तोच टार्गेट रिसेट

परवा रात्री पुन्हा तेच. आमच्या स्टोरेज अॅरेला, म्हणजे डिस्कच्या सामायिक पेटीला, बरेच सर्व्हर आय-स्कझीने (नेटवर्कवरून डिस्कच्या स्कझी आज्ञा पाठवायची पद्धत) जोडलेत. त्यातल्या एका जुनाट बॅकअप सर्व्हरला त्याच्या एका लनकडून (अॅरेने वाटून दिलेल्या डिस्ककडून) वेळेत उत्तर मिळालं नाही. त्याने अबॉर्ट (तेवढं एक काम रद्द करायची आज्ञा) पाठवला, तोही लटकला. मग फक्त ती एक डिस्क रिसेट करणाऱ्या लन रिसेटच्या वाटेला न जाता त्याने थेट टार्गेट वॉर्म रिसेट (टार्गेट म्हणजे सर्व्हर जिथे जोडले जातात ते टोक, त्यामागच्या सगळ्या लनचा एकदम रिसेट) सोडला आणि आमच्या अॅरेने तो निमूटपणे पाळला! डेटाबेस, मेल, व्हर्च्युअल मशीनचे होस्ट, त्या टार्गेटवर बसलेल्या प्रत्येकाची चालू कामं एका झटक्यात साफ. ज्यांचा त्या बॅकअपशी काडीचा संबंध नाही, त्यांच्याही लॉगमध्ये युनिट अटेन्शनचा ('डिस्क रिसेट झाली' या सूचनेचा) पाऊस. एका फ्लॅटमधला पंखा अडकला म्हणून अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडायचा, ही कुठली रीत?

आणि अॅरे कंपनीच्या सपोर्टचं उत्तर काय, तर अॅरे ठरल्याप्रमाणेच वागला, जुन्या होस्टसाठी (जोडलेल्या सर्व्हरसाठी) ही सोय ठेवावी लागते. ठेवावी लागते? कोण म्हणतं? आय-स्कझीच्या २००४ च्या मानकात, आरएफसी ३७२० मध्ये, धडधडीत लिहिलंय की टार्गेट रिसेट, वॉर्म असो वा कोल्ड, ऐच्छिक आहे. नको असेल तर प्रतिसाद ५ द्या, हे फंक्शन आमच्याकडे नाही म्हणा, विषय संपला. परवानगी नसलेल्या होस्टला नाकारायचं असेल तर प्रतिसाद ६ आहेच. स्कझीची मानकं ठरवणाऱ्या टी१० समितीने तर सॅम-३ या मानकातच टार्गेट रिसेट मोडीत काढला. तरी आय-स्कझीच्या २०१४ च्या नव्या मानकात, आरएफसी ७१४३ मध्ये, फंक्शन नंबर ६ आणि ७ वर वॉर्म आणि कोल्ड दोघेही ठाण मांडून बसलेत. त्यातल्या कोल्ड रिसेटने तर सगळ्या इनिशिएटरची (आज्ञा पाठवणाऱ्या होस्टची) सगळी टीसीपी नेटवर्क कनेक्शनं तोडायची आहेत. हे शेअर्ड स्टोरेजवर कुणाला हवंय?

पॅरलल स्कझीच्या (डिस्क केबलने थेट मशीनला जोडायच्या जुन्या पद्धतीच्या) काळात ठीक होतं हो. एक मशीन, एक केबल, त्यावरच्या डिस्क सगळ्या त्याच मशीनच्या. रिसेट केला तर स्वतःचंच नुकसान. आता एका टार्गेटमागे वीस जणांचं काम चालतं आणि हत्यार मात्र तेच.

लिनक्सवाल्यांनीही डोकं फिरवलंय. डिस्क अडकली की आधी अबॉर्ट, मग डिव्हाइस, टार्गेट, बस (सगळ्या डिस्कची सामायिक केबल), होस्ट अशा रिसेटच्या पायऱ्या चढत जायचं. आय-स्कझीमध्ये बस कुठून आली? एसजी रिसेट (हाताने रिसेट पाठवायची लिनक्सची कमांड) चालवताना एस्केलेशन (आपोआप वर चढणं) बंद करायला विसरलात की तोही पुढच्या पायरीवर. विंडोजच्या क्लस्टरनेसुद्धा बस रिसेट मारून रिझर्व्हेशन (दुसऱ्या सर्व्हरचा डिस्कवरचा ताबा) तोडायची सवय २००८ साली सोडली आणि पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (रिसेटनंतरही टिकणारा ताबा) धरलं. विंडोजला जमलं, तुम्हाला का जमू नये?

सर्वांत जास्त संताप आला तो सपोर्टने आमच्या तक्रारीच्या टिकटाची प्रायॉरिटी परस्पर खाली आणली याचा. कारण दिलंय, 'डेटा लॉस नाही'. आमची डेटाबेस सांभाळणारी डीबीए पहाटेपर्यंत रिकव्हरीचे लॉग बघत जागी होती, तिला फोन करून सांगा ना हे! अॅरेच्या फर्मवेअरमध्ये टार्गेट रिसेटसाठी एक सेटिंग द्या, फॅक्टरीतून येतानाच बंद असलेलं. ज्याला त्याचा तो पंधरा वर्षं जुना होस्ट जगवायचाय, त्याने स्वतःच्या सहीने ते चालू करावं, स्वतःच्या वेगळ्या टार्गेटवर. आमच्या टार्गेटवर नाही.