अळ्या मारा आणि फुलपाखरं बोलवा म्हणे!

'घरच्या बागेत फुलपाखरांची जत्रा भरवा : सात सोपे उपाय' असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर धो धो फिरतोय. वर केशरी-काळ्या फुलपाखराचा झकास फोटो, खाली सात उपाय, शेवटी 'निसर्गप्रेमींना नक्की पाठवा'. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण परवा सांगलीच्या आत्याने तोच पाठवला आणि विचारलं, "अगं, कडुनिंबाचं तेल आणून ठेवलंय, लिटरला किती घालू?" आत्याच्या परसात कढीपत्त्याचं चांगलं वाढलेलं झाड आहे, कागदी लिंबू आहे, कुंपणाला रुई आहे. फुलपाखरांना लागतं ते सगळं दारात असताना बाई फवारा घेऊन निघाली होती. म्हणून हा खटाटोप.

क्रमाने जात नाही. सगळ्यात घातक उपाय आधी घेते.

उपाय चौथा म्हणतो : 'अळ्या या फुलपाखरांच्या शत्रू. त्या पानं फस्त करतात, मग फुलपाखरं फिरकत नाहीत. दर आठ दिवसांनी कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांचा साबण फवारा. सेंद्रिय असल्याने फुलपाखरांना अपाय नाही.'

अहो, ती अळी म्हणजेच फुलपाखरू! अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हे गोल चित्र प्राथमिक शाळेत वहीत काढलेलं असतं ना आपण? पोरं मारून टाका म्हणजे घरात माणसं नांदतील, असा हा सल्ला आहे. आणि 'सेंद्रिय' या शब्दाने इतकं भुलायचं कारण नाही. कडुनिंबाच्या तेलातलं अझाडिरॅक्टिन अळीची भूक मारतं आणि तिचं कात टाकणं बिघडवतं. शेतकरी ते अळ्यांसाठीच तर वापरतात. बोंडअळी कुठली आणि लिंबाळी फुलपाखराची अळी कुठली, हे त्या तेलाला कळत नाही.

कढीपत्त्याची कोवळी फूट एकदा जवळून बघा. लिंबाळी नावाचं काळ्या-पिवळसर ठिपक्यांचं फुलपाखरू तिच्यावर भिरभिरतं, पायांनी पान चाचपतं (फुलपाखरांना पायांनीही चव कळते) आणि पोट वाकवून फिकट पिवळं, मोहरीपेक्षाही लहान अंडं चिकटवून जातं. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. शीट खायला कोण येणार? मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तिच्याकडे हत्यार म्हणून एवढंच.

हीच अळी लिंबू, बेल यांच्यावरही वाढते. कॉमन मॉरमॉन या फुलपाखरालाही कढीपत्ता आणि लिंबूच लागतं. आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू केलं, ते ब्लू मॉरमॉन, आपली राणी पाकोळी, तेही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर अंडी घालतं : पपनस, लिंबू, रानात माकडलिंबू. म्हणजे लिंबावर दर आठवड्याला फवारा मारणारा माणूस राज्य फुलपाखराचीच पिल्लं मारत असू शकतो. वर ग्रुपवर निसर्गप्रेमी!

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. कुंडीतलं हातभर रोप असेल तर दोन-तीन मोठ्या अळ्या ते खरंच बोडकं करतात. लिंबू-संत्र्याच्या रोपवाटिकेत ही अळी कीड म्हणूनच मोजली जाते आणि तिथे ती आवरावीच लागते. पण घरी अळी पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवता येते. वाढलेल्या कढीपत्त्याला तर काही होत नाही, पुन्हा फुटतो. फोडणीला दोन काड्या कमी पडल्या तर शेजारी मागायच्या.

पाचवा उपाय याच्याच जोडीला आहे : 'कढीपत्त्यावरची हिरवी अळी अत्यंत विषारी, चावल्यास पाच मिनिटांत मृत्यू.' हे कुठून आलं ते ओळखीचं आहे. २०२२ च्या पावसाळ्यात घोणस अळीवरून राज्यभर असाच हलकल्लोळ झाला होता. घोणस अळी ही एका पतंगाची अळी. तिच्या अंगावर दाहक काटे असतात, ते लागले की भयंकर आग होते, हे खरं. पण त्याने पाच मिनिटांत माणसं मरत नाहीत. लिंबाळीच्या अळीला तर असले काटेच नसतात. ती चावत नाही, डसत नाही. घोणस अळीची भीती उचलून कढीपत्त्यावर चिकटवली आहे, बस्स.

उपाय पहिला : 'घाणेरी लावा, फुलपाखरांचं सर्वात आवडतं झाड.' अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त त्रासदायक. घाणेरीवर, म्हणजे टणटणीवर, फुलपाखरं तुटून पडतात. मध भरपूर, फुलं जवळपास बारमाही. पण हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, शोभेसाठी आणलेलं आणि नंतर हाताबाहेर गेलेलं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांचा २०२० चा अभ्यास सांगतो की भारतातल्या वाघांच्या पट्ट्यात १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात घाणेरी घुसली आहे, म्हणजे त्या पट्ट्याचा ४० टक्क्यांहून जास्त भाग. तिच्या दाट जाळीखाली स्थानिक झुडपं आणि गवतं दबून जातात, आणि फुलपाखरांच्या अळ्या जगतात त्या अशाच स्थानिक वनस्पतींवर. तुम्ही कुंडीत लावलीत तरी तिची काळी फळं बुलबुल खातो आणि बी कुठल्या टेकडीवर टाकतो ते तुम्हाला विचारत नाही. मधच पाजायचा असेल तर एक्झोरा लावा, पेंटास लावा, जागा असेल तर दिंडा लावा. दिंड्याच्या फुलांवर पावसाळ्यात काय गर्दी होते ते बघाच.

तिसरा उपाय 'लॅव्हेंडर, बडलेया आणि मिल्कवीड' हा सरळ परदेशी यादीतून उचललाय. फोटोतलं फुलपाखरूसुद्धा मोनार्क आहे, उत्तर अमेरिकेतलं. लॅव्हेंडर आपल्या पावसाळ्यात सडतं. मिल्कवीडचं म्हणाल तर त्याच कुळातली रुई आपल्याकडे रस्तोरस्ती उभी आहे आणि मोनार्कचा भाऊबंद प्लेन टायगर तिच्यावरच वाढतो. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, त्यामुळे पक्षी प्लेन टायगरच्या वाटेला जात नाहीत. याचा फायदा घ्यायला डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब तसाच वेश घेऊन फिरते. तिची अळी घोळीवर वाढते, आपण भाजी करतो त्याच घोळीवर. ही दोन्ही झाडं 'तण' म्हणून उपटायची आणि नर्सरीत जाऊन लॅव्हेंडरचं रोप आणायचं, याला काय म्हणावं?

उरलेले भराभर. दुसरा, 'जितके रंग तितकी फुलपाखरं, पेटुनिया लावा' : रंगाने येतीलही, पण भरगच्च पाकळ्यांच्या संकरित फुलांत सोंड मधापर्यंत पोचत नाही. साधा एकेरी जिनिया परवडला. सहावा, साखरपाण्याची वाटी : मुंग्या येतील. त्यापेक्षा पिकून काळं पडलेलं केळं ठेवा, बॅरनसारखी फळांवर येणारी फुलपाखरं येतात, आणि एका कोपऱ्यात माती ओली ठेवा, नर तिथे क्षार शोषायला बसतात. सातवा, 'पंखांची पावडर डोळ्यात गेली की आंधळेपणा' : ते पंखांवरचे बारीक खवले असतात, त्याने कुणी आंधळं होत नाही. मात्र ते झडले तर फुलपाखराचं नुकसान होतं, तेव्हा पकडू नकाच.

मग लावायचं काय? आधी अळीचं झाड, मग मधाचं. कढीपत्ता, लिंबू. अंगण असेल तर सोनचाफा किंवा सीताफळ, त्यावर टेल्ड जे फुलपाखरू येतं. बहाव्यावर आणि टाकळ्यावर इमिग्रंट. कण्हेरीवर कॉमन क्रो, त्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो. कोपऱ्यात खुळखुळा किंवा भुरुंडी ही रानरोपं राहू द्या, टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर त्यांच्यातली रसायनं घ्यायला येतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग अशाच अळीच्या आणि मधाच्या झाडांवर उभी आहे, एखाद्या रविवारी जाऊन या.

नर्सरीतून रोप घेताना त्यावर कुठलं औषध मारलंय ते मात्र विचारा. काही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात, वरून पान धुऊन जात नाहीत, आणि अंड्यातून निघालेली अळी पहिल्याच घासाला मरते. शक्य असेल तर कढीपत्त्याचं रोप आत्यासारख्या कुणाच्या परसातून आणा, झाडाखाली फुटवे असतातच.