२०० तास भरले की झालं?

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत पुढे ढकलला जातो. मुलाला किंवा मुलीला मेडिकलला घालायचं असेल तर सेवेचे २०० तास भरा. ते हॉस्पिटलातलेच हवेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात नेऊन खेड्यातल्या दवाखान्यात दोन-तीन आठवडे ठेवा, अर्ज उठून दिसतो. आणि स्वतःची संस्था काढली तर सोन्याहून पिवळं. आहे तसं मान्य करावं असं यातलं एकही विधान नाही.

आधी तो आकडा. बारावीच्या पीसीबीच्या टक्क्यांवर याद्या लागताना पाहिलेल्या पिढीला आकडा हवासा वाटतो, हे समजण्यासारखं आहे. काही मोजकी कॉलेजं किमान तास जाहीर करतातही, तेवढे त्यांच्या वेबसाइटवर पाहून घ्यावेत. पण सगळ्यांना लागू असा आकडा नाही. बहुतेक एमडी कॉलेजांचा (अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिली पदवी) सामायिक अर्ज म्हणजे ॲमकास. त्यात सगळ्या उपक्रमांच्या मिळून जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात आणि प्रत्येकीला मोकळ्या जागा धरून ७०० अक्षरं मिळतात. त्यांपैकी ३ नोंदी ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात. त्यांना आणखी १,३२५ अक्षरं. नोंदीत तासांच्या शेजारी सुरुवातीची आणि शेवटची तारीख येते, खातरजमेसाठी संपर्काची व्यक्तीही द्यावी लागते. म्हणजे २०० हा आकडा वाचणाऱ्यापुढे एकटा जातच नाही. आठवड्याला ४० तास करून हे काम ५ आठवड्यांत संपतं. आठवड्याला ३ तास केलं तर त्याला साधारण १५ महिने लागतात. एकूण तास तेवढेच, पण पहिल्या नोंदीत अर्जाच्या तोंडावर उरकलेला उन्हाळा दिसतो आणि दुसरीत मिडटर्म, फायनल, एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेची तयारी हे सगळं सांभाळून टिकलेली पाळी.

‘अर्जाआधीच्या सुट्टीत उरकू’ हे वेळापत्रकातही बसत नाही. अर्ज साधारण मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला भरला जातो, प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षी. हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून रुजू होण्याआधी क्षयरोगाची चाचणी, गोवर-कांजिण्यांच्या लसींचे दाखले, फ्लूची लस, पार्श्वभूमी तपासणी, रुग्णांच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण असे सोपस्कार असतात. त्यात महिना-दीड महिना सहज जातो. शिवाय बऱ्याच ठिकाणी आठवड्याला ३-४ तासांची एक पाळी किमान ६ महिने करण्याची अट घालतात. मेमध्ये चौकशी करणाऱ्याच्या हातात जूनमध्ये फक्त ओळखपत्र असतं. पुढे करायचे तास ‘अपेक्षित’ म्हणून दाखवता येतात, पण केलेले १२ आणि अपेक्षित ३०० अशी नोंद वाचून कुणी फसत नाही.

दुसरं विधान, हॉस्पिटलातलेच तास हवेत. अर्जात वैद्यकीय आणि अवैद्यकीय सेवेचे रकाने वेगळे आहेत आणि डॉक्टरांच्या मागे उभं राहून निरीक्षण करण्याचा, म्हणजे शॅडोइंगचा, रकाना तिसराच. काकांच्या क्लिनिकमधलं शॅडोइंग सेवेत घालणं ही नेहमीची चूक. संपर्क म्हणून काकांचंच नाव देणं ही त्यावरची कडी. हॉस्पिटलच्या छताखाली घडलेलं सगळं वैद्यकीय होतं असंही नाही. गिफ्ट शॉपच्या गल्ल्यावर बसणं, फायली लावणं यांत रुग्ण भेटत नाही. डिस्चार्ज झालेल्या आजोबांना व्हीलचेअरवरून गाडीपर्यंत नेताना भेटतो.

रुग्णाजवळ बसायचं असेल तर हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा, ही दुर्लक्षित जागा आहे. मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नियमानुसार हॉस्पिसमध्ये पगारी लोकांच्या रुग्णसेवेच्या तासांच्या निदान ५ टक्के इतकं काम स्वयंसेवकांनी करावं लागतं, त्यामुळे तिथे माणसांची गरज कायम असते. तिथलं काम म्हणजे वाचून दाखवणं, गप्प बसून सोबत करणं, घरच्यांना दोन तास बाहेर पडू देणं. सगळ्यांना ते झेपत नाही, हे महिनाभरात कळतं.

अवैद्यकीय बाजूला फूड बँक, बेघरांचा निवारा, घरपोच जेवण पोचवणं, संकटात सापडलेल्यांसाठीची मेसेज सेवा असे पर्याय आहेत. क्रायसिस टेक्स्ट लाइन ही अशी मेसेज सेवा आधी प्रशिक्षण देते आणि २०० तासांची बांधिलकी मागते. घरून करता येतं, पण रात्रीच्या पाळ्यांना हिंमत लागते. आणि मंडळाचं काम? रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षं शिकवणं ही खरी बांधिलकी आहे, ती शिकवण्याच्या रकान्यात जरूर लिहावी. गणपतीचं मखर मात्र सेवेत मोडत नाही. शिवाय आपल्याच घरांसारख्या घरांतली मुलं शिकवणं आणि ज्यांच्याकडे विमा नाही, घर नाही अशांसाठी राबणं यांतला फरक कॉलेजच्या प्रवेश समितीला दिसतो. पहिल्यामुळे दुसऱ्याची भरपाई होत नाही.

भारतवारी हा या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग. गडचिरोलीला किंवा मेळघाटात दोन आठवडे गेल्याने मुलाला बरंच कळेल, जरूर न्यावं. पण तिथे ‘इंजेक्शन द्यायला मिळालं’, ‘टाके घातले’ असं अर्जात लिहिलं की ते विरोधातला पुरावा ठरतं. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, म्हणजे एएएमसीची, परदेशातल्या अशा अनुभवांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत: अमेरिकेत ज्याची परवानगी नाही ते गरीब रुग्णावर दुसऱ्या देशात करू नये. वाचणाऱ्याच्या मनात येतं ते एवढंच, की या मुलाला अंगात कौशल्य नसताना नाही म्हणता आलं नाही.

भाषेचा उपयोग अमेरिकेतच करता येतो, पण तिथेही अट आहे. मराठी-हिंदी बोलता येतं म्हणून पात्रता नसताना रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात दुभाषा होऊ नये. अफोर्डेबल केअर ॲक्ट या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ खाली पात्र दुभाषाच लागतो. वैद्यकीय दुभाषाच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी किमान ४० तासांचं प्रशिक्षण मागतात. ते करून आठवड्याला एक पाळी घेणारी मुलगी न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी आजींच्या जास्त उपयोगी पडेल.

स्वतःच्या संस्थेबद्दल थोडक्यात. कर खात्याचा फॉर्म १०२३-ईझेड आणि २७५ डॉलर शुल्क भरून छोटी करमुक्त संस्था उभी राहते, हे समितीलाही माहीत आहे. नंतर दरवर्षी विवरण भरावं लागतं आणि सलग ३ वर्षं चुकवलं तर मान्यता आपोआप रद्द होते. प्रवेश मिळाल्यावर संस्था कोण चालवणार, या मुलाखतीतल्या प्रश्नावर उत्तर नसेल तर काढू नये.

एच-४ व्हिसावरच्या (म्हणजे पालकांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. स्क्राइब (डॉक्टरांसाठी नोंदी टिपणारा), ईएमटी (रुग्णवाहिकेतला तातडीच्या उपचारांचा कर्मचारी) अशी पगारी कामं त्यांना करता येत नाहीत आणि एरवी पगारी असलेलं काम ‘फुकट करतो’ म्हणूनही चालत नाही. धर्मादाय संस्थेत मुळातच स्वयंसेवकांसाठी असलेलं काम तेवढं घ्यावं. आणि तासांची वही सगळ्यांनीच पहिल्या पाळीपासून ठेवावी: तारीख, वेळ, काय केलं, कोण भेटलं (नाव न लिहिता), पर्यवेक्षकाचं नाव आणि ईमेल. दोन वर्षांनी ७०० अक्षरं लिहायला बसल्यावर ‘रुग्णांशी संवाद साधला’ याखेरीज काही आठवत नाही, आणि तोवर पर्यवेक्षकानेही नोकरी बदललेली असते.