वाचायचं कसं, ते विचारा की

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी हवी की नको, यात २०२५चा अख्खा उन्हाळा गेला. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, १७ जूनला त्यात ‘सर्वसाधारणपणे’ घालून दुसरा आला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले, नरेंद्र जाधवांची समिती जाहीर झाली आणि ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे भाऊ एका व्यासपीठावर आले. मी ओहायोत बसून सगळं पाहत होते. हिंदीसक्तीच्या विरोधातच होते, ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कुणी वाचायचं नाही. पण त्या अडीच महिन्यांत, सहा वर्षांच्या पोराला आपण निदान मराठी तरी वाचायला कसं शिकवतो, हे विचारताना मला कुणी दिसलं नाही. ग्रामीण मुलांना वाचता येतं का, हे तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचा २०२४चा अहवाल जानेवारीतच आला होता. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के. आधीपेक्षा बरा आकडा म्हणून त्याचं कौतुकही झालं. पण त्यावर कुणी मोर्चा काढला नाही.

त्यात आमच्या मामेभावानं घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. अमेरिकेत मुलांना अक्षरं घोकायला लावत नाहीत, हातात चित्रांची छान पुस्तकं देतात, मूल आपोआप वाचायला लागतं. आपण मात्र बाराखडी म्हणणारे पोपट तयार करतो. खाली अंगठ्यांची रांग. माझ्या सख्ख्या भावानंही अंगठा दिला, ज्याला माहीत आहे की मी इथं राहते आणि माझी मुलगी इथल्या शाळेत जाते!

तर ऐका. आपोआप वाचायला लागतं, ही समजूत अमेरिकेनं चाळीसेक वर्षं पदरी बाळगली आणि आता एकेक राज्य कायदा करून ती शाळेतून बाहेर काढतंय. केन गुडमन यांनी १९६७ मध्ये मांडलं की वाचन हा एक प्रकारचा अंदाजाचा खेळ असतो. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांची रीडिंग रिकव्हरी, म्हणजे वाचनात मागं पडलेल्या पहिलीतल्या मुलांसाठीची शिकवणी, १९८४ मध्ये अमेरिकेत उतरली ती इथंच, आमच्या कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात. शब्द अडला तर चित्र बघ, वाक्यात काय बसेल ते बघ, पहिलं अक्षर बघ. अक्षरं आणि आवाज यांची फोड करत बसायचं ते सगळ्यात शेवटी. २००० मध्ये अमेरिकी संसदेनं नेमलेल्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं सांगून टाकलं की आवाज आणि अक्षरांचं नातं पद्धतशीर शिकवावं लागतं. तरी वर्गांमध्ये अंदाजच चालू राहिला, कारण शिक्षकांना कॉलेजात तेच शिकवलं होतं आणि कपाटात पुस्तकं तीच होती.

माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा कोविडच्या कृपेनं तिचा वर्ग आमच्या डायनिंग टेबलवर भरायचा. ती धडाधड वाचायची. आम्ही नवराबायको खूश. एकदा सहज मी चित्रावर हात ठेवला तर गाडी जागच्या जागी थांबली. ‘बनी’ लिहिलेलं तिनं ‘रॅबिट’ वाचलं होतं आणि स्क्रीनवरच्या बाई ‘गुड थिंकिंग’ म्हणाल्या होत्या. बाई मनानं चांगल्या होत्या, मेहनती होत्या. त्यांना शिकवलेलंच तसं होतं, त्यांना काय बोलायचं?

२०२३च्या जानेवारीत ओहायोचे गव्हर्नर डिवाइन यांनी विधिमंडळापुढच्या भाषणात हा विषय काढला आणि जुलैत अर्थसंकल्पाच्या विधेयकात तो कायदा होऊन आला. सुमारे १६ कोटी ९० लाख डॉलर. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शिक्षकांच्या प्रशिक्षणाला, बाकीचा पुस्तकांना आणि शाळेशाळेत जाऊन शिक्षकांसोबत काम करणाऱ्या कोचना. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या खालच्या वर्गांच्या शिक्षकांना १,२०० डॉलर मानधन, इतरांना ४००. २०२४-२५च्या शालेय वर्षापासून राज्यानं मान्य केलेल्या यादीतलीच पुस्तकं घ्यायची, आणि तो चित्र बघून अंदाज करायचा प्रकार, अगदी मोजके अपवाद सोडले तर, बंद. मला सगळ्यात आवडलेलं कलम निराळंच आहे : शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांची तपासणी. तुम्ही भावी शिक्षकांना वाचन शिकवायला नेमकं काय शिकवता, ते राज्य येऊन बघणार, आणि जमत नसेल तर मान्यता जाऊ शकते. आपल्याकडच्या डी.एड. कॉलेजात कुणी असं डोकावलंय? माझी मावशी डी.एड. होती. तिच्या पाठ-टाचणाच्या वह्या मी पाहिल्यात. उद्देश, साहित्य, प्रस्तावना, मूल्यमापन, चार रंगांच्या शाईत आखलेलं सगळं. मूल ‘कमळ’ आणि ‘कळम’ यांत गोंधळलं तर काय करायचं, त्यावर एक ओळ नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा लांबच झालं. मग मिसिसिपी टाकलं. गरीब राज्य म्हणून ज्याची इथं टिंगल होते ते मिसिसिपी. २०१३ मध्ये कायदा केला, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, कमजोर शाळांत कोच बसवले, तिसरीत वाचता आलं नाही तर चौथीत नाही असं ठरवलं. तेव्हा चौथीच्या वाचनात ते राज्य देशात ४९वं होतं, २०२४ मध्ये नववं. तिसरीत मागं ठेवलेली मुलं चौथीच्या परीक्षेला उशिरा बसतात म्हणून आकडे फुगतात, असं टीकाकार म्हणतात. म्हणोत. आठवीचे आकडे तितके चढलेले नाहीत, ते मी ग्रुपवर घातले नाहीत.

मामेभाऊ गप्प झाला. बोलल्या त्या वहिनी. वहिनी फलटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्यांनी लिहिलं, “ताई, आमच्याकडे कागद कमी आहेत असं वाटतं का तुम्हाला? २०१५ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र झालं, २०२१ला निपुण भारत आलं. प्रशिक्षणं इतकी झाली की वर्गावर कधी जायचं ते सांगा. आणि मतदार याद्या कोण करणार, तुमचे गव्हर्नर?” पुढं आणखी एक : “१,२०० डॉलरचे रुपये किती होतात ते सांगू नका. आम्हाला प्रशिक्षणाला चहा मिळतो. कधीकधी.”

मला राग आला. खरं म्हणजे उत्तर सुचलं नाही म्हणून आला. मग मी तेच केलं जे परदेशातली माणसं करतात : कायदा आणि शासन निर्णय यांतला फरक समजावून सांगितला. शासन निर्णय दोन महिन्यांत फिरतो, हे सगळ्यांनी याचि देही पाहिलंय. कायदा विधिमंडळात येतो, त्याच्यासोबत पैसा येतो, तो मोडला तर कोर्टात जाता येतं. २०२०चा मराठी सक्तीचा कायदा आपण केला की नाही? मग वाचन कसं शिकवायचं याचा का नको? वहिनींनी यावर फक्त विचारलं की ओहायोतला कायदा अर्थसंकल्पात कशाला घुसवला. आता काय सांगणार? रीडिंग रिकव्हरीच्या संघटनेनं, जिचं ऑफिस इथल्या वर्दिंग्टनमध्ये आहे, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये याच मुद्द्यावर दावा लावला होता : एका विधेयकात एकच विषय असावा, अर्थसंकल्पात वाचनाची पद्धत कशी काय? वहिनींनी तो दावा वाचला असण्याची शक्यता शून्य. त्यांना आपलं सरकारी कामकाज कळतं, एवढंच.

एक मात्र मी सोडायला तयार नाही. बाराखडीची टिंगल करणाऱ्यांनी निदान आपल्या हातात काय आहे ते बघावं. इंग्रजीत २६ अक्षरं आणि चव्वेचाळीसेक आवाज, त्यामुळे या लोकांना कायदा करून जे शिकवावं लागतंय त्याचं अर्धं काम आपल्या लिपीनं आधीच करून ठेवलंय. बालभारती १९६७ पासून राज्यभर पाठ्यपुस्तकं पुरवते. इथं दोन शेजारच्या शाळा-डिस्ट्रिक्टची पुस्तकं एक नसतात, म्हणून तर यादी करावी लागली. आम्हाला लोणंदला गुरुजींनी ‘ग म भ न’नं सुरुवात केली होती, पाटीवर, आणि दिवाळीपर्यंत आम्ही दुकानांच्या पाट्या वाचत होतो. आम्ही म्हणजे मी. मागच्या रांगेतली किती जणं वाचत होती, ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं आणि आता ठामपणे सांगता येणार नाही.

लोणंदपासून तासाभराच्या आत फलटण. तिथं मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकेतल्या बाई येऊन राहिल्या. भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली, भारताचं नागरिकत्व घेतलं, १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. त्यांची वाचनपद्धती म्हणजे थोडी अक्षरं घ्यायची, त्यांना लगेच काना-मात्रा जोडायच्या आणि तेवढ्यातच बसणारं काहीतरी अर्थाचं वाचायला द्यायचं. तारीख बघा. ज्या साली ओहायो स्टेटमध्ये अंदाजानं वाचायची पद्धत येत होती, त्याच साली एक अमेरिकन बाई फलटणला संस्था उभी करत होती, आणि ती पुढं अक्षरांवरून वाचायला शिकवणार होती. ओहायोला जे २०२३ मध्ये सुचलं ते फलटणला होतं. आमच्या घरी बाजारच्या दिवशी ‘ती अमेरिकन बाई’ असा उल्लेख व्हायचा, कौतुकाचा, पण आपली म्हणून नव्हे. पुढं त्यांना फलटणनं आपलंसं केलं म्हणतात. त्यासाठी त्या तिथं राहिल्या, हा मुद्दा वहिनींनी काढला नाही. तो मलाच सुचला आणि रात्रभर डोक्यात राहिला.

कारण मी काय करते? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची मराठी शाळा इथं रविवारी चर्चच्या तळघरात भरते, तिथं लहान गट माझ्याकडे आहे. मी डी.एड. नाही, काहीच नाही. विमा कंपनीत डेटा बघते. मी कार्ड वर धरते, क, शेजारी कमळ. पोरं एका सुरात ‘फ्लॉवर’ म्हणतात. ण, शेजारी बाण : ‘ॲरो’. मग मी अक्षरावर बोट ठेवते, तर ती चित्राकडे बघतात. ओहायोच्या कायद्यानं जे बंद केलं तेच माझ्या तळघरात दर रविवारी चालतं, आणि मला विचारणारं कुणी नाही, कारण ती शाळा कुठल्याच राज्याची नाही. माझी स्वतःची मुलगी, जी आता इंग्रजी उत्तम वाचते (तिला शेवटी ट्यूटर लावला, पैसे होते म्हणून), मराठी अक्षर ओळखते आणि शब्दापाशी थांबते. आजीचं व्हॉट्सॲप ती मला वाचून दाखवायला सांगते.

वहिनींना हे कळवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गातल्या अक्षरगटांच्या तक्त्यांचे फोटो पाठवले, हातानं केलेले, एकावरही चित्र नाही. “आधी हे बोलतं करा. कमळ नंतर दाखवा.” वर एक टोमणा : “कायद्याची वाट बघू नका.”

तरीही माझं म्हणणं तेच आहे. वहिनींसारख्या बाई प्रत्येक शाळेत नसतात, म्हणून कायदा लागतो. जाधव समितीनं कोणती भाषा कुठल्या इयत्तेत हे जरूर ठरवावं, पण त्याच्या जोडीला डी.एड.च्या अभ्यासक्रमात वाचन शिकवण्याचे तास किती, हेही कुणीतरी विधानभवनात विचारावं. विचारणारी मी नाही, कारण मतदानाला मी तिथं नसते. इथं तर मताचा हक्कच नाही, ग्रीन कार्ड आहे. नोव्हेंबरात आमच्या डिस्ट्रिक्टच्या लेव्हीसाठी, म्हणजे शाळांच्या करासाठी, अंगणाअंगणात पाट्या लागल्या, मीही लावली, आणि मतदानाच्या दिवशी ऑफिसला गेले. नागरिकत्वाचा फॉर्म भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. पाठवला तर लेव्हीला मत देता येईल आणि लोणंदच्या मतदार यादीतलं नाव, जे अजून आहे म्हणतात, जाईल. ते कमी करायचं काम बहुतेक वहिनींसारख्याच कुणा बाईंकडे येईल.